मॉरिशसला दुकान हलवावे काय?

यंत्रमागाच्या धंद्यात मंदी आली की भिवंडी-मालेगावात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. माग भंगाराच्या भावाने निघतात आणि तरुण मंडळी परदेशाच्या गोष्टी बोलू लागतात. पूर्वी या गोष्टी सौदी आणि दुबईच्या असत. आता अधूनमधून मॉरिशसचे नाव कानावर येते. आमच्याच घरात ते आले. आमचा पुतण्या लग्नानंतर आठ दिवस तिकडे फिरून आला आणि आल्यावर म्हणाला, "चाचा, गाळा विकून टाकू या. तिथे मशिदी आहेत, उर्दू शिकवतात, हलाल गोश्त मिळते, समुद्र आहे आणि चलनही रुपयाच आहे. कापडाचे दुकान टाकले तर काय वाईट?"

त्याने सांगितलेल्या पाचही गोष्टी खऱ्या आहेत. पण आम्ही तीस वर्षे कापड विकत आहोत. दुकानातल्या दिव्याखाली कापड पाहणे वेगळे आणि घरी नेऊन एकदा पाण्यातून काढणे वेगळे. म्हणून आम्ही मशवरा केला आणि ऐन फेब्रुवारीत, म्हणजे तिकडचा उन्हाळा आणि वादळाचे दिवस चालू असताना, स्वतः तीन आठवडे राहून आलो. हॉटेलात न उतरता भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो आणि बसने फिरलो. आमच्या वाचकांपैकी आणखी कोणाच्या घरी हीच चर्चा चालू असेल, तर आमचा हिशेब उपयोगी पडावा म्हणून तो येथे देत आहोत.

देश केवढा?

व्यापाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा की गिऱ्हाईक किती. मॉरिशसचे मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे आणि संपूर्ण देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या ७ लाखांहून थोडी अधिक आणि मालेगावची पावणेपाच लाखांहून थोडी अधिक होती. म्हणजे भिवंडी आणि मालेगाव एकत्र केले की जवळजवळ एक मॉरिशस होते. या एका तुलनेने आमच्या पुतण्याचा चेहरा जेवढा उतरला तेवढा आमच्या दहा उपदेशांनी उतरला नव्हता.

लहान बाजाराचे गणित निराळे असते. भिवंडीत एका डिझाइनची हजार पीस साडी काढली तर ती बिहारपासून केरळपर्यंत कोठेतरी मुरते. तिथे एका छापाच्या ड्रेस मटेरियलच्या चार गाठी उतरवल्या, तर ईदच्या नमाजानंतर निम्म्या मोहल्ल्याच्या अंगावर तोच छाप दिसेल आणि पुढच्या वर्षी त्या दुकानात कोणी पाऊल ठेवणार नाही. तिथे पुष्कळ डिझाइने हवीत, प्रत्येकातील नग थोडे हवेत. थोडे नग घेतले की खरेदीचा भाव वाढतो आणि कंटेनर भरत नाही. उरलेला माल शेजारच्या राज्यात पाठवून मोकळे व्हावे म्हटले तर चारी बाजूंना समुद्र आहे.

पोर्ट लुई या राजधानीत कॉर्डरी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. कापडाच्या दुकानांसाठी तो प्रसिद्ध आहे. कात्र बोर्न या गावी गुरुवारी आणि रविवारी कपड्यांचा बाजार भरतो. दोन्ही ठिकाणी आम्ही दिवसदिवस उभे राहून पाहिले. माल भारताचा आहे, चीनचा आहे. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत आणि आपल्या बायाबापड्यांना नावाने ओळखतात. नव्या माणसाला त्यांच्या शेजारी दुकान मांडायचे असेल तर त्यांच्याकडे नाही असे काहीतरी आपल्याकडे असले पाहिजे. पुतण्याला आम्ही हेच विचारले, तुझ्याकडे काय आहे? तो गप्प राहिला. गप्प राहणे हेही प्रामाणिक उत्तरच आहे.

सीझनही उलटा आहे. जून ते ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा. किनाऱ्यावर तो जाणवत नाही, पण क्यूरपिपसारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावात पाऊस आणि गारठा असतो. शाळा जानेवारीत सुरू होतात, म्हणून गणवेशाचा धंदा डिसेंबर-जानेवारीत. कायद्यानेच नोकरदाराला वर्षाअखेरीस तेराव्या महिन्याचा पगार मिळतो आणि तो डिसेंबरमध्ये हातात पडतो. त्यामुळे वर्षाची खरी विक्री त्या एका महिन्यात होते. ईद मात्र चंद्राप्रमाणे फिरत राहणार. ज्या वर्षी ईद आणि डिसेंबर लांब असतील त्या वर्षी मधले महिने दुकानदाराला पदरचे घालून काढावे लागतील.

आपल्याआधी गेलेले

मॉरिशस म्हणजे परका मुलूख, असे मात्र समजू नये. १८३४ पासून पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ इंग्रजांनी हिंदुस्थानातून साडेचार लाखांहून अधिक गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांवर नेले. ते ज्या धक्क्यावर उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवला. यांतले बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, आणि त्यांच्यात मुसलमानही पुष्कळ होते. रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही गेली. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, शाळेत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

येथे आम्हाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे बुजुर्ग १८५७ नंतर आझमगडकडून विणकामाचे सामान घेऊन दक्षिणेत आले. भिवंडी-मालेगावच्या असंख्य मोमीन घराण्यांची हीच कथा आहे. क्यूरपिपच्या बसमध्ये दोन म्हाताऱ्या बोलत होत्या आणि त्यांची भोजपुरी ऐकून आम्ही चमकलो. ती हुबेहूब आमच्या दादीची बोली होती. त्याच मुलखातून कोणी कलकत्त्याला जाऊन जहाजात बसले, कोणी पायी खानदेशात उतरले. आम्ही त्यांना सलाम करून दोन शब्द बोललो. त्यांनी हसून उत्तर दिले, पण लगेच त्यांच्या नातवाशी त्या क्रिओलमध्ये बोलू लागल्या आणि आम्हाला एक अक्षर कळेना.

मजुरांच्या पाठोपाठ कच्छ-गुजरातचे मेमण आणि सुरती व्यापारी गेले. धान्य आणि कापड हाच त्यांचा धंदा. पोर्ट लुईची जुम्मा मशीद १८५० च्या दशकात उभी राहिली, त्यात या मेमण व्यापाऱ्यांचा मोठा वाटा आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस या बेटावर थांबले, तेव्हा मुस्लिम व्यापाऱ्यांनीच त्यांचा सत्कार केला होता. कलकत्त्यात जन्मलेले आणि तरुणपणी तिथे गेलेले अब्दुल रझाक मोहम्मद पुढे पोर्ट लुईचे महापौर आणि देशाचे मंत्री झाले. आज लोकसंख्येत मुसलमान सतरा-अठरा टक्के आहेत. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, त्याच्या आधी जानेवारीत पोर्ट लुईत मुसलमान आणि क्रिओल यांच्यात दंगल पेटली आणि इंग्रजी फौज आणावी लागली, हेही लक्षात असू द्यावे. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे आणि आज तिथली माणसे एकमेकांच्या सणाला घरी जातात, हे आम्ही पाहिले.

पण या सर्व पूर्वजांना तिथे राहणे भाग होते. मुंबईहून माल निघाला की तो पोहोचल्याचे पत्र यायला महिने लागत. माल तिकडे आणि मालक इकडे, हे त्या काळी अशक्यच होते. आज आपली गोष्ट तशी आहे काय, याचा विचार पुढे करू.

कारखान्यांची चढउतार

काही मित्र म्हणतात, दुकान नको तर कपडे शिवण्याचा कारखाना काढावा. त्यांनी हा इतिहास ऐकावा. १९७० साली मॉरिशसने निर्यात विभागाचा कायदा केला. कर माफ, माल बाहेर पाठवा, रोजगार द्या. अमेरिका आणि युरोपने इतर देशांच्या कपड्यांवर कोटे बसवले होते, म्हणून १९८० च्या दशकात हाँगकाँगचे कारखानदार इकडे आले. लोकरी स्वेटरांत या चिमुकल्या देशाने जगात वरचे स्थान मिळवले. मग १ जानेवारी २००५ रोजी कोट्यांची व्यवस्था संपली. चीन, बांगलादेश आणि आपल्याशी उघड स्पर्धा सुरू झाली. अनेक कारखाने बंद पडले, काही मजुरी स्वस्त म्हणून मादागास्करला गेले. जे टिकले ते मोठे आहेत, सूत विणण्यापासून शिलाईपर्यंत सर्व स्वतः करणारे आहेत, आणि त्यांच्या मशीनवर आज बांगलादेश, भारत आणि मादागास्करचे कामगार दिसतात.

मजुरीचा आकडाही पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तिथले किमान वेतन महिना १६,५०० मॉरिशस रुपये झाले. हा रुपया म्हणजे आपला रुपया नव्हे. अलीकडच्या भावाने एका मॉरिशस रुपयाला आपले पावणेदोन ते दोन रुपये पडतात. आठवड्याचे ४५ तास, त्यावर ओव्हरटाइम, वर्षाअखेरीस बोनस, कामावरून काढायचे तर रीतसर कारण आणि भरपाई. आमच्या बिरादरीतील कित्येक शेठ लोकांना कामगाराचे हजेरीपुस्तक ठेवण्याची सवय नाही. त्यांनी तिकडे जाण्याआधी ही सवय इथेच लावून घ्यावी. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण तर आपली आहेच, तिकडे ती कायद्याने पाळावी लागते एवढेच.

परवाना, पैसा आणि घर

भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. त्यामुळे लोकांना वाटते की राहणेही असेच सोपे आहे. पर्यटक म्हणून उतरून गल्ल्यावर बसता येत नाही. धंद्यासाठी 'ऑक्युपेशन परमिट' लागते. ही पद्धत २००६ पासून आहे. गुंतवणूकदार, नोकरदार व्यावसायिक आणि स्वयंरोजगारी असे तिचे प्रकार आहेत. गुंतवणूकदारासाठीची रक्कम २०२० साली एक लाख डॉलरवरून ५० हजार डॉलरवर आणली गेली. शिवाय दरवर्षी ठरावीक उलाढाल दाखवावी लागते, नाहीतर परवाना धोक्यात येतो. हे नियम तिथल्या जूनच्या बजेटमध्ये वारंवार बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडूनच आकडे घ्यावेत. अर्जही थेट तिथेच करता येतो. आमच्या पुतण्याला मुंबईतील एका एजंटाने "सर्व काही करून देतो" म्हणून मोठी रक्कम मागितली होती आणि पावती देण्यास तयार नव्हता. जो पावती देत नाही त्याच्या हाती आपले घर देऊ नये.

पैसा नेण्याचेही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. एप्रिल २०२५ पासून अशा कामासाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो पुढे आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत भांडवल अडकून पडते. बाहेर दुकान काढणे ही परदेशी गुंतवणूक होते, तिचे २०२२ चे वेगळे नियम आहेत, सी.ए.ला विचारल्याशिवाय एक डॉलर पाठवू नये. हुंडीचा मार्ग सुचवणारे भेटतील. तो कायद्याने गुन्हा आहे. आणि त्या पैशाचा तिकडे हिशेब दाखवता येत नाही, म्हणजे परवान्यासाठीही तो कुचकामी.

तिकडचे कर आपल्यापेक्षा हलके आहेत हे खरे. कंपनीवर १५ टक्के आणि विक्रीवर १५ टक्के व्हॅट. पण हलका कर नफ्यावर लागतो. आधी नफा हवा.

घर विकत घेण्याचा विचार पहिल्या दिवशी कोणी करू नये. १९७५ च्या कायद्याने परदेशी माणसाला परवानगीशिवाय जमीन-घर घेता येत नाही. सरकारमान्य योजनांतील घर घेतले तर राहण्याचा परवाना मिळतो, मात्र त्यासाठी घराची किंमत किमान ३ लाख ७५ हजार डॉलर हवी. ती योजना श्रीमंत गोऱ्यांसाठी आहे, गाळा विकून आलेल्या कापडवाल्यासाठी नाही.

वारसाचा प्रश्न तर आमच्या लोकांच्या ध्यानातच येत नाही. तिथे शरियतप्रमाणे निकाह होतो, त्याची दिवाणी नोंदही होऊ शकते, पण आपल्यासारखा मुस्लिम पर्सनल लॉ न्यायालयात चालत नाही. १९९० साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तसा निर्णय दिला. फ्रेंच पद्धतीची दिवाणी संहिता आहे आणि तिच्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत. बेटावर स्थावर मिळकत केली तर तिचे वाटप त्या कायद्याने होईल. कोणाला हे पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु मागे राहिलेल्यांना वकिलाच्या दारात हे कळू नये.

हवा, पाणी, मुले

नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. १९६० च्या 'कॅरोल' वादळाने हजारो घरे पाडली, तेव्हापासून तिथे सिमेंटची घरे बांधण्याची रीत पडली. म्हणून वादळात माणूस बहुधा वाचतो. कापड वाचतेच असे नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुरात ११ माणसे दगावली. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळात राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. तळमजल्यावरचे गोदाम स्वस्त मिळाले तर ते स्वस्त का आहे हे शेजाऱ्याला विचारावे. एरवीही हवेत दमटपणा इतका की आम्ही नमुन्यादाखल नेलेल्या कॉटनच्या थानाला तिसऱ्या आठवड्यात बुरशीचे ठिपके आले. ते थान आम्ही परत आणले आहे आणि पुतण्याच्या टेबलावर ठेवले आहे.

भाषेचे सांगतो. कोर्ट-कचेरीचे कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये, आणि रस्त्यावर, घरात, दुकानात क्रिओल. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. तिथे शाळांतून उर्दू शिकवली जाते हे ऐकून आमची छाती फुगली होती. पण उर्दू हा तिथे ऐच्छिक विषय आहे, मशिदीच्या वाझमध्ये आणि मुशायऱ्यात तिला मान आहे. गल्ल्यावर तिचा उपयोग नाही. बाई कापड हातात घेऊन भाव करते तो क्रिओलमध्ये. "की मान्येर" म्हणजे कसे काय, एवढे आम्ही शिकलो, त्यापुढे नातवंडांच्या वयाच्या पोरांनी आमची टर उडवली. पुतण्या तिशीचा आहे, वर्षभरात शिकेल. त्याची बायको, जिला इथे मोहल्ल्यात दहा घरी जाण्याची सवय आहे, ती शिकेपर्यंत दिवसभर कोणाशी बोलणार? हा प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही. तिलाच विचारला. तोपर्यंत घरात कोणीही तिला विचारले नव्हते. ती म्हणाली, "चाचा, मुलाच्या शाळेचे काय ते ठरले की मग माझे सांगते." तिथल्या शाळांत इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही अनिवार्य आहेत आणि शेवटी केंब्रिजची परीक्षा असते. पाच वर्षांचा मुलगा निभावून नेईल. बारा वर्षांचे मूल असते तर आम्ही स्पष्ट नाही म्हटले असते.

दीनदारीची अडचण नाही. किब्ला मात्र पश्चिमेला नसून उत्तरेकडे, किंचित पश्चिमेस कललेला आहे, पहिल्या दिवशी आम्ही सवयीने चुकीच्या दिशेला उभे राहिलो. ईद-उल-फित्रला सुट्टी असते, बकरी ईदला नसते. बिर्याणीत बटाटा घालतात. चालते.

आमचे काय ठरले

आता मघाचा प्रश्न. मुंबईहून विमान सुमारे सहा-सात तासांत पोहोचते. त्यांचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, म्हणजे आपण दुकान उघडून चहा घेईपर्यंत त्यांचे उघडते. भारत आणि मॉरिशस यांच्यातील व्यापारी करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. कॉर्डरी स्ट्रीटच्या दुकानदाराला भिवंडी-सुरतेचा माल हवा आहेच, आणि थोड्या नगांत, वेगवेगळ्या डिझाइनमध्ये, वेळेवर हवा आहे. हीच त्याची अडचण आहे आणि हेच आपण करू शकतो. मग त्याच्या शेजारी बसून त्याचा प्रतिस्पर्धी व्हायचे, की इथे राहून त्याचा माल भरायचा?

पुतण्याला हे पटले, पण पूर्ण नाही. तरुण माणसाला पूर्ण पटूही नये. शेवटी असे ठरले की गाळा विकायचा नाही. आम्ही भेटून आलेल्या दोन दुकानदारांना आगाऊ पैशावर छोटी खेप पाठवायची, उधारीवर नाही. तो स्वतः डिसेंबरच्या सीझनला जाऊन माल कसा खपतो ते पाहील, जानेवारीत वादळाचा अनुभव घेईल आणि बायको-मुलाला पंधरा दिवस तिकडे बोलावून घेईल. त्यानंतर ती दोघे सांगतील ते ऐकायचे. गाळा तोवर भाड्याने दिला आहे. करार अकरा महिन्यांचा केला आहे.